चारशेविसाचा दिवा

मोटारीच्या पुढल्या फळीवर, काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. ज्या दिवशी तो विझत नाही त्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाच्या तोंडचे पाणी पळते. मौज अशी की गाडी तर सुरळीत चाललेली असते. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही, पेट्रोलही नेहमीइतकेच. दिवा मात्र साडेसातीसारखा डोळ्यांपुढून हलत नाही!

मग गाडी गॅरेजात जाते. तिथला पोरगा स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर खोचतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात : पी ०४२०. हे आकडे ठरवणारी मंडळी अमेरिकेतली. आपल्याकडे चारशेवीस म्हटले की काय मनात येते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. खुद्द आपल्या सरकारनेही १ जुलै २०२४ पासून ते जुने कलम मोडीत काढले आणि फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात नेऊन बसवला. पण म्हणून लबाड माणसाला 'तीनशेअठरा' म्हटलेले अजून तरी ऐकिवात नाही. तर सांगायचा मुद्दा हा, की या आकड्याच्या तक्रारीत भली भली माणसे फसतात; आणि दर खेपेला फसवणारा कोणी दुसराच असतो असे नाही. पुष्कळदा घाईच फसवते.

स्कॅनरवरच्या इंग्रजी ओळीचा अर्थ इतकाच, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरवून दिलेल्या पायरीच्या खाली गेल्याचे संगणकाला आढळले. गॅरेजात त्याचे भाषांतर होते, "साहेब, कन्व्हर्टर गेला. नवा टाकावा लागेल." पहिली साक्ष आहे, दुसरा निकाल आहे. साक्षीदाराची उलटतपासणी न घेता निकाल द्यायचा, तर सत्तर-पाऊणशे हजारांचा दंड आपल्याच खिशातून भरावा लागतो.

गणपतीच्या सुमारास कोथरूडच्या एका वाचक-गृहस्थांचे पत्र आले. चार सिलिंडरांची पेट्रोल मोटार, २०१४ साली घेतलेली, एक लाख आठ हजार किलोमीटर चाललेली. दिवा लागला, पी ०४२० निघाला. कंपनीच्या गॅरेजाने बहात्तर हजारांचा अंदाज हातात ठेवला. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने कानाशी लागून सांगितले, "नऊशे रुपये द्या, दिवा कायमचा बंद करून देतो." घरात बहात्तर हजार होते, नाही असे नाही, पण ते मुलीच्या वसतिगृहाचे नि दुसऱ्या वर्षाच्या फीचे होते. गृहस्थांनी विचारले होते, "बहात्तर हजार की नऊशे? आपण काय केले असते?" माझे बिऱ्हाड तेथून फार लांब नाही. उत्तर लिहिण्यापेक्षा पाहून यावे, म्हणून एका रविवारी सकाळी गेलोच.

तिथे काय झाले ते सांगण्यापूर्वी हा कन्व्हर्टर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इंजिनातून निघालेला धूर मागच्या नळीने बाहेर जातो, त्या वाटेवर पोलादी पत्र्याचा एक डबा बसवलेला असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, बारीक आरपार छिद्रांची चिनीमातीच्या जातीची वीट असते. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा मुलामा असतो. सगळा मिळून काही ग्रॅमच, पण किंमत त्याचीच. धूर त्यावरून गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइड नि न जळलेले पेट्रोल यांचे ज्वलन पुरे होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखे ते. दोघांची गाठ घालून देतात आणि आपण बाजूला होतात. मात्र हे सारे डबा तीनशे अंशांच्या आसपास तापल्यावर.

ही कल्पना यूजीन हूद्री या फ्रेंच इंजिनियराची. लॉस एंजल्सच्या धुरक्याने बेचैन होऊन त्याने अमेरिकेत या कामाला हात घातला आणि १९५६ साली त्याला पेटंट मिळाले. पण त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे घालीत, आणि शिसे त्या धातूंवर बसले की डबा मेला. म्हणून हूद्रीच्या हयातीत त्याचे चीज झाले नाही. तो १९६२ साली वारला, आणि अमेरिकेतल्या मोटारींवर डबे सरसकट दिसू लागले ते १९७५ पासून. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता नि मद्रास या चार शहरांत बिनशिशाचे पेट्रोल आले आणि तिथल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर लागले. सबंध देशातून शिसे गेले ते २००० सालच्या फेब्रुवारीत. असो.

आता कळीचा प्रश्न. डबा काम करतो की नाही हे संगणकाला कसे कळते? तो काही धुराचे पृथक्करण करीत बसत नाही. डब्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इंजिनाला जाणारे पेट्रोल संगणक सतत किंचित कमी, किंचित जास्त करीत राहतो. त्यामुळे अलीकडच्या सेन्सरचा काटा दशांश एक व्होल्टपासून दशांश नऊपर्यंत भराभर वरखाली नाचत असतो. डब्यात सिरियम नावाच्या धातूचे ऑक्साइड असते. त्याचे काम घरच्या धोरणी गृहिणीचे. ऑक्सिजन मुबलक आला की डब्यात भरून ठेवायचा, टंचाई झाली की त्यातून काढून द्यायचा. म्हणून बाजारात भाव कितीही चढोत-उतरोत, घरात ताटे रोज सारखीच वाढली जातात! पलीकडच्या सेन्सरला ही चढउतार जाणवतच नाही. त्याचा काटा दशांश सहा-सात व्होल्टपाशी जवळजवळ स्थिर राहतो. कोठार रिकामे पडले की मात्र पलीकडचा काटा अलीकडच्याबरोबर नाचू लागतो. संगणक म्हणतो, कोठारात काही उरलेले नाही. आणि लागोपाठ दोन वेळा असे आढळले की दिवा लावतो. काही नव्या गाड्यांत अलीकडचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो नि त्याचा आलेख निराळा दिसतो. तत्त्व मात्र हेच.

म्हणजे हा निकाल अप्रत्यक्ष पुराव्यावर दिलेला आहे. पलीकडच्या सेन्सरला दुसरीकडून ऑक्सिजन मिळाला, तर डबा धडधाकट असूनही बदनाम व्हायचा. दुसरीकडून म्हणजे कुठून? नळीच्या सांध्यातून. धूर नळीतून एकसारखा वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये नळीत क्षणमात्र दाब कमी होतो, आणि कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. तुम्हाआम्हाला वाटते की गळती म्हणजे आतले बाहेर येणे; इथे बाहेरचेही आत जाते.

कोथरूडला गेलो तेव्हा गाडी रात्रभर थंड झालेली होती. मी मुद्दामच तसे कळवले होते. इंजिन सुरू केल्याबरोबर पुढून बारीक 'टिक् टिक् टिक्' असा आवाज आला आणि पाच-सात मिनिटांत नाहीसा झाला. लोखंड तापले की फुगते आणि फट आपोआप मिटते. म्हणून दुपारी गरम गाडी गॅरेजात नेणाऱ्यांना हा आवाज कधी ऐकूच येत नाही. गृहस्थ म्हणाले, "हा आवाज तर वर्षभर येतोय. मी समजत होतो की इंजिनाचं वय झालं."

फट नेमकी कुठे, हे शोधायची एक युक्ती सांगतो. भगिनीवर्गालाही ती आवडेल. इंजिन बंद आणि पुरते थंड असताना मागच्या नळीच्या तोंडाला घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, पण उलटा, म्हणजे हवा फुंकणाऱ्या बाजूने, आणि भोवती फडके गुंडाळायचे. मग भांडी घासायच्या साबणाचे पाणी ब्रशाने सांध्यासांध्यांवर सोडायचे. जिथे फट असेल तिथे बुडबुड्यांची रांगोळी उमटते. वहिनींनी साबणाचा वाडगा आणून दिला आणि स्वतःच बॅटरी धरून उभ्या राहिल्या. मॅनिफोल्डाच्या जोडाशी, अलीकडच्या सेन्सरच्या वितभर वर, फेस आला. तिथे काजळीचा काळा ओघळही होता. (गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका. आणि बंद वाहनतळात इंजिन चालू ठेवून ही कामे नकोत. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.)

एका ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी प्रथम विचारले, "कोड कोणी पुसला तर नाही ना?" हा प्रश्न विचारणारा मिस्त्री भेटला की अर्धी काळजी मिटली असे समजावे. कोड पुसला की दिवा लागला त्या घडीची सगळी टिपणे पुसली जातात : वेग किती, इंजिन किती तापलेले, पेट्रोलचे प्रमाण काय. घरी हजार-दोन हजारांचा स्कॅनर आणून दिवा घालवणारे हौशी लोक नेमके हेच करतात. पंचनाम्याआधी जागा धुऊन काढायची आणि मग चोर सापडत नाही म्हणायचे!

दुसरे, पी ०४२० बरोबर आणखी एखादा कोड असेल तर तो आधी निस्तरायचा. ठिणगी चुकते अशी तक्रार असेल, सेन्सरच्या हीटरची असेल, हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची असेल, तर ०४२० हा बहुधा तिचा परिणाम. आणि दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी हे बरे. लुकलुकणे याचा अर्थ एखादे सिलिंडर पेटतच नाही, त्यातले कच्चे पेट्रोल डब्यात जाऊन जळते आहे आणि आतली वीट वितळू शकते. पाचसहाशेच्या प्लगपायी किंवा दोन-तीन हजारांच्या कॉइलपायी डबा मरतो तो असा.

इथे दुसरा कोड नव्हता. मिस्त्रींनी गॅस्केट बदलले, एक गंजलेला बोल्ट नवा घातला आणि बावीसशे रुपये घेतले. दिवा गेला. गृहस्थांनी मला पेढे पाठवले. गोष्ट इथेच संपली असती तर फार बरे झाले असते. पण तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला.

आता कोणी म्हणेल की मग बहात्तर हजार सांगणारे खरेच सांगत होते. तसे नाही. फट होती ती होतीच, आणि ती मिटवल्याशिवाय पुढची कोणतीच तपासणी विश्वासाची झाली नसती. या खेपेस मिस्त्रींनी गाडी दहा-बारा किलोमीटर पळवून आणली, इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर धरले आणि दोन्ही सेन्सरांचे आलेख शेजारी शेजारी लावले. पलीकडचा अलीकडच्याबरोबर नाचत होता. पण तो सेन्सरच तर खोटे बोलत नसेल? म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटर एकदम दाबला. पलीकडचा काटा चटकन वर गेला. सोडला; चटकन खाली आला. साक्षीदार शुद्धीवर होता. पुष्कळ गॅरेजांत हा मागचा सेन्सर उगाच बदलतात. पाच-सात हजार जातात आणि दिवा महिन्याभरात परत येतो.

डबा खरोखरच थकला होता. पण मिस्त्री नवा डबा मागवायला तयार होईनात. म्हणाले, "साहेब, हा मेला कशानं ते आधी बघू. नाहीतर नवापण मरंल." आणि त्यांनी इंजिन ऑइलची दांडी ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. वहिनी म्हणाल्या, "अहो, मागच्याच महिन्यात तुम्ही डबा आणून ओतलात ना?" ओतला होता. त्याच्या आधीच्या महिन्यातही ओतला होता. हिशेब केला तेव्हा दीड हजार किलोमीटरांना जवळजवळ लिटरभर ऑइल नाहीसे होत होते. खाली ठिपका नाही, म्हणजे ते जळत होते. इंजिनाची झीज कमी व्हावी म्हणून ऑइलमध्ये फॉस्फरस नि जस्त यांची द्रव्ये घातलेली असतात. ती जळून डब्यातल्या धातूंवर बसतात. पूर्वी शिसे जे एका दमात करी तेच हे सावकाश करतात.

सिलिंडरांचा दाब तपासला तो चारांचाही चांगला निघाला. म्हणजे पिस्टनच्या रिंगांवर संशय नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मागून निळसर धुराचा एक झोत येई, तो व्हॉल्व्हच्या सीलांकडे बोट दाखवीत होता. रबराची ती बोटभर टोपणे कडक होऊन गेली होती. दुसऱ्या एखाद्या गाडीत मारेकरी निराळा असू शकतो : हेड गॅस्केटमधून आत झिरपणारे कूलंट, भेसळीचे पेट्रोल, जोडकामात चोपडलेले चुकीचे सिलिकॉन, नाहीतर गतिरोधकावर खालून बसलेला तडाखा. तडाख्याने वीट फुटली असेल तर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर डबा खुळखुळ्यासारखा वाजतो.

आता नऊशे रुपयांच्या इलाजाकडे येऊ. तो असा, की मागच्या सेन्सरखाली एक पोकळ नळकांडे बसवून त्याला धुराच्या प्रवाहातून वर उचलायचे. मग त्याला पुरता धूर लागत नाही, काटा सुस्त होतो आणि संगणक समाधान पावतो. याहून धीट लोक डबा कापून आतली वीटच काढून टाकतात आणि वर पत्रा झाळतात. वाहनाच्या रचनेत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मनाई आहे. पण कायदा राहू द्या. गृहस्थ त्या इलाजाकडे झुकले होते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळत होते, आणि मला त्यांचा रागही आला नाही. मुलीची फी ही काही चैनीची बाब नव्हे. ते म्हणाले, "पीयूसी तर फेब्रुवारीपर्यंत आहे. आणि एका गाडीनं असं काय होणार?"

त्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "गाडी कुठं उभी असते ते बघा." गाडी उभी असते तळमजल्यावर, त्यांच्या सासूबाईंच्या खिडकीखाली. सासूबाई दम्याच्या. रोज सकाळी गाडी सुरू होते तेव्हा त्या खिडकीशी जप करीत बसलेल्या असतात. गृहस्थ काही बोलले नाहीत. नळकांड्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. (एक गोष्ट मी सांगून ठेवली. डबा चांगला असला तरी थंड इंजिनाच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत तो काम करीत नाही. तेव्हा सुरू केल्यावर गाडी तिथेच घुरघुरत ठेवू नये, सावकाश चालवीत बाहेर काढावी.)

पीयूसीविषयीही गैरसमज फार आहे. भारत स्टेज चारच्या नि त्यापुढच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र वर्षभराचे मिळते. तपासणीत नळीच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइड नि न जळलेले पेट्रोल किती, एवढे मोजतात. थकलेला डबाही उभ्या गाडीत त्यातून निभावून जातो. दिवा लागलेला असून पीयूसी मिळाले, म्हणजे दिवा खोटा असे होत नाही. आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा तर त्या तपासणीत पेट्रोल गाडीला कोणी प्रश्नच विचारीत नाही.

शेवटी काय केले? सील बदलायला साडेतेरा हजार लागले. ते आधी केले आणि महिनाभर ऑइलची दांडी पाहिली. ऑइल जागचे हलले नाही. मग डबा. कंपनीचाच हवा असे नाही. नावाजलेल्या सुट्या भागांच्या कारखान्याचा, गाडीच्या नमुन्याला नेमका बसणारा आणि पक्क्या पावतीवर हमी देणारा डबा मिस्त्रींनी एकेचाळीस हजारांत मिळवून दिला. पंधरावीस हजारांत मिळणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. मोलाचा मुलामाच पातळ असेल तर वर्ष-दीड वर्षात पुन्हा तोच दिवा. बाटलीतून पेट्रोलमध्ये ओतायची 'कन्व्हर्टर साफ करणारी' औषधेही मी कोणाला सांगणार नाही. काजळी असेल तर एखादे वेळी थोडा उतार पडतो. फॉस्फरसवर त्यांची मात्रा चालत नाही. उलट, काही कंपन्यांनी संगणकाची सुधारलेली आज्ञावली काढून हा कोड उगाच लागण्याचे थांबवले आहे, तेव्हा आपल्या गाडीसाठी तशी काही आहे काय, हे विचारायला पैसे पडत नाहीत. ते जरूर विचारावे.

दोन्ही खर्च मिळून बहात्तर हजारांपेक्षा फार कमी झाले असे नाही, साडेसतरा हजार वाचले. पण सीलांशिवाय नवा डबा घातला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. वसतिगृहाने फी दोन हप्त्यांत घेतली.

राहता राहिला जुना डबा. गॅरेजवाले तो सहसा आपल्याकडे ठेवून घेतात, आणि आपणही 'भंगार' म्हणून सोडून देतो. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटींहून वर चढला होता, आणि त्याच सुमारास आपल्याकडे गुजरात-महाराष्ट्रात उभ्या गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेण्याच्या चोऱ्या झाल्या, त्या या पोळ्यापायीच. भाव पुढे पुष्कळ उतरला, तरी डबा फुकट देण्याजोगा नाही. आपल्या मिस्त्रींनी आपण होऊन त्याचे चार हजार बिलातून वजा केले, आणि पावतीवर तसे लिहूनही दिले.